जुन्या मोटारीच्या भागांना स्वतः क्रोम चढवण्याविषयी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. १९५०च्या दशकातली एक मोटार आपण स्वतःच्या हातांनी मूळ रूपात आणत आहात. इंजिन आणि रंगकाम मार्गी लागले आहे, आणि आता दोन बंपर, दारांची चार हँडल्स, दिव्यांच्या रिंगा, बॉनेटवरचे चिन्ह आणि खिडक्यांच्या काही पट्ट्या यांचे क्रोम प्लेटिंग आपल्याच कार्यशाळेत करावे असा आपला विचार आहे. टाकी केवढी लागेल, रसायने कोणती लागतील, वीज किती अँपिअरची लागेल आणि मुळात हे काम घरी करण्याजोगे आहे का, असे आपण विचारले आहे. मी काही वर्षे प्लेटिंगच्या कारखान्यात काम केले आहे आणि त्यानंतर आजवर जुन्या गाड्यांचे लहान भाग घरच्या टाक्यांमध्ये करत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की या कामाचा बहुतांश भाग आपण स्वतः करू शकता आणि तो स्वतःच करावा असे माझे मत आहे. मात्र क्रोमचा शेवटचा थर पारंपरिक पद्धतीने घरी चढवू नये, आणि बंपरसाठी तर घरी टाकीच भरू नये.

असे का, हे समजण्यासाठी आपण ज्याला क्रोम म्हणतो ते प्रत्यक्षात काय असते ते पाहावे लागेल. चकचकीत बंपरवर क्रोमियमचा थर साधारण पाव ते अर्धा मायक्रॉन एवढाच असतो. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, यावरून त्याच्या पातळपणाची कल्पना यावी. त्याच्या खाली निकेलचा थर असतो, तो उघड्यावर राहणाऱ्या पोलादी भागासाठी ३० ते ४० मायक्रॉनपर्यंत ठेवतात, आणि चांगल्या कामात त्याच्याही खाली तांब्याचा थर असतो. आरशासारखी चकाकी निकेलची असते, गंजापासून संरक्षणही मुख्यतः निकेलच देते, आणि निकेल कितीही चांगले असले तरी त्याला ज्या धातूवर ते चढले आहे त्याचा प्रत्येक ओरखडा दाखवल्याशिवाय राहवत नाही. क्रोमियम निकेलचे रक्षण करते, ते काळवंडू देत नाही, घासले जाण्यापासून वाचवते आणि त्याला किंचित निळसर झाक देते. नुसते निकेल आणि क्रोम केलेला तुकडा शेजारी ठेवून वर पांढरा कागद धरला, तर निकेलमधले प्रतिबिंब पिवळसर आणि क्रोममधले निळसर दिसते. हा फरक डोळ्यांत बसला की जुन्या भागावरचे क्रोम कुठे झिजले आहे तेही लगेच ओळखता येते.

क्रोमचा हा शेवटचा थर व्यापारी पातळीवर शक्य झाला तो १९२०च्या दशकात, कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामानंतर, आणि त्या दशकाच्या अखेरीस मोटारींवर निकेलची जागा क्रोमने घेतली. त्याआधीच्या मोटारींवर निकेलच असे. त्यामुळे कोणाकडे १९२०च्या दशकाच्या आरंभीची गाडी असेल, तर तिला क्रोम करणे हीच मुळात चूक ठरेल आणि निकेलवर थांबणे हेच योग्य. आपली गाडी त्यानंतरची असल्यामुळे आपल्याला क्रोम लागणारच.

पारंपरिक पद्धतीत क्रोमिक आम्लाचे, म्हणजे षट्संयुजी क्रोमियमचे द्रावण वापरतात. लिटरला सुमारे २५० ग्रॅम क्रोमिक आम्ल आणि त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढे सल्फेट, हे त्याचे जुने प्रमाण. या टाकीत दिलेल्या विजेपैकी जेमतेम दहा ते वीस टक्के वीज धातू बसवण्याच्या कामी येते. उरलेली जवळजवळ सगळी हायड्रोजन तयार करण्यात जाते. हायड्रोजनचे असंख्य बारीक बुडबुडे पृष्ठभागावर येऊन फुटतात आणि प्रत्येक बुडबुडा क्रोमिक आम्लाचा सूक्ष्म तुषार हवेत सोडतो. हा तुषार श्वासावाटे आत गेल्यास फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो, हे निर्विवाद सिद्ध झालेले आहे. जुन्या कारखान्यांतल्या कामगारांच्या नाकाच्या आतल्या पडद्याला भोके पडत, आणि हातावरच्या साध्या खरचटण्यात आम्ल गेले की तिथे खोल, लवकर न भरणारी जखम होई. अमेरिकेत कामाच्या ठिकाणच्या हवेत याची मर्यादा २००६पासून एका घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली आहे, आणि युरोपीय संघात २०१७च्या सप्टेंबरपासून हे रसायन विशेष परवानगीशिवाय वापरता येत नाही. कारखान्यात टाकीच्या कडेने हवा खेचणारी यंत्रणा असते, ती हवा धुऊन मगच बाहेर सोडली जाते, आणि पृष्ठभागावर तुषार दाबणारे द्रव्य टाकलेले असते. मोकळ्या अंगणात टाकी ठेवली आणि तोंडाला मास्क बांधला म्हणजे ही सगळी व्यवस्था भरून निघते, असे कोणी सांगितले तर कृपया विश्वास ठेवू नका. मी कारखान्यातल्या या टाकीवर काम केले आहे, आणि म्हणूनच ती माझ्या घरी नाही.

याला पर्याय आहे तो त्रिसंयुजी क्रोमियमचा. ही द्रावणे १९७०च्या दशकापासून वापरात आहेत, ती पुष्कळ कमी विषारी असतात आणि लहान संचांच्या रूपात मिळतात. त्यांच्या बाबतीत दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक म्हणजे संचासोबत जे धनाग्र (विजेच्या धन टोकाला जोडून टाकीत सोडायचा तुकडा) दिले असेल तेच वापरावे, कारण शिसे किंवा दुसरा कोणताही धातू धनाग्र म्हणून लावला तर त्याच टाकीत त्रिसंयुजी क्रोमियमचे षट्संयुजी होऊ शकते, आणि मग ज्या धोक्यापासून दूर राहण्यासाठी हा मार्ग घेतला तोच पदरात पडतो. दुसरी गोष्ट रंगाची. त्रिसंयुजी क्रोमची छटा बहुधा थोडी गडद किंवा उबदार असते, त्यामुळे जुन्या पद्धतीच्या क्रोमशेजारी हा भाग बसवला की वेगळेपणा डोळ्यांत भरतो. म्हणून गाडीवर शेजारीशेजारी येणारे सर्व भाग एकाच पद्धतीने करावेत. शिवाय तांबे, जस्त, लोखंड यांचा अंश गेला की ही द्रावणे लवकर बिघडतात, तेव्हा आधीच्या टाकीतून भाग काढल्यावर तो अतिशय नीट धुवावा लागतो.

बंपर घरी करू नये असे मी म्हणतो, त्याचे कारण निव्वळ हिशेबाचे आहे. प्लेटिंगमध्ये सगळे मोजमाप चौरस डेसिमीटरवर चालते, म्हणजे १० सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद जागेवर. १७० सेंटिमीटर लांब आणि वळणासकट २० सेंटिमीटर रुंद बंपरची एक बाजू ३४ चौरस डेसिमीटर होते, दोन्ही बाजू मिळून ६८. निकेलसाठी दर चौरस डेसिमीटरला ४ अँपिअर धरले तरी सुमारे २७० अँपिअर लागतात, आणि क्रोमसाठी १५ धरले तर हजारांवर. तो बंपर पूर्ण बुडेल अशी टाकी १९० सेंटिमीटर लांब, ५० रुंद आणि ६० खोल धरली, तर तिच्यात ५७० लिटर द्रावण बसते, आणि त्या एकट्या निकेलच्या टाकीला सुमारे १६० किलो निकेल सल्फेट लागेल. बंपर अर्धा अर्धा बुडवून करण्याचा प्रयत्न मी पाहिला आहे. मधोमध जी रेघ राहते ती कितीही घासली तरी जात नाही. याउलट दाराच्या एका हँडलचे क्षेत्रफळ साधारण दीड चौरस डेसिमीटर असते. त्याला ६ अँपिअर पुरतात आणि २० लिटरच्या टाकीत ते आरामात मावते. घरची मर्यादा इथेच आखावी.

आता कामाला सुरुवात करू. प्रत्येक भाग कोणत्या धातूचा आहे हे आधी ओळखा. चुंबक चिकटला तर पोलाद. चिकटला नाही आणि आतल्या बाजूला कानस मारल्यावर पिवळे दिसले तर पितळ. राखाडी आणि हाताला जड लागले तर जस्ताचे ओतकाम. राखाडी पण हलके असेल तर ॲल्युमिनियम. त्या काळातली बॉनेटवरची चिन्हे, हँडल्स आणि दिव्यांची घरे बहुधा जस्ताच्या ओतकामाची असतात, आणि खरी डोकेदुखी तीच असते. पितळी भाग सर्वांत सोपे आहेत, त्यामुळे हात बसवण्यासाठी पहिला भाग पितळेचा घ्यावा.

पोलादावरचे आणि पितळेवरचे जुने क्रोम पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात काही मिनिटांत विरघळते. फेस येतो, द्रावण हिरवे होते आणि खालचे पिवळसर निकेल उघडे पडले की भाग लगेच बाहेर काढून भरपूर पाण्याने धुवावा. हे काम उघड्यावरच करावे, कारण बंद खोलीत या आम्लाची वाफ एका रात्रीत सगळ्या हत्यारांवर गंज चढवते. छातीला होणारा त्रास वेगळाच. आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये. कॉस्टिक सोड्यात भाग धनाग्राला जोडून क्रोम उतरवण्याची पद्धत अनेक जण सुचवतात, पण तिने उतरलेले क्रोमियम षट्संयुजी होऊन द्रावणात राहते. ते द्रावण पिवळे होते ते याचमुळे. हाच धोका विजेने गंज काढणाऱ्यांनाही असतो, जेव्हा ते धनाग्र म्हणून स्टेनलेस स्टीलचा जुना चमचा किंवा पत्रा लावतात. स्टेनलेसमध्ये क्रोमियम असते. तिथे साधे लोखंडच लावावे.

यापुढचे काम घासण्याचे आहे, आणि एकूण श्रमांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक श्रम यातच जातात. खोल गंजाचे खड्डे असतील तर १२० नंबरच्या कागदापासून सुरुवात करावी, मग १८०, २४०, ३२०, ४०० असे चढत जावे. दर टप्प्यावर घासण्याची दिशा आधीच्या दिशेला आडवी ठेवावी आणि आधीचे ओरखडे पूर्ण नाहीसे झाल्याखेरीज पुढचा कागद हाती घेऊ नये. इथे घाई करणाऱ्याला ती निकेल चढल्यावर दिसते, तेव्हा वेळ गेलेली असते. भाग तिरप्या उजेडात धरून पाहावा. समोरच्या उजेडात लपलेली लाट तिरप्या उजेडात उघडी पडते. निकेलची भुकटी श्वासात जाणे वाईट आहे, म्हणून जुने निकेल ओला कागद वापरूनच घासावे आणि तरीही मास्क लावावा. त्यानंतर सिसलच्या जाड धाग्यांचे चाक आणि शेवटी सुती बफ, म्हणजे चकाकी आणणारे कापडी चाक. चाकावर काम करताना भाग नेहमी चाकाच्या मध्याच्या खाली धरावा आणि त्याची कड चाकाच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेला येऊ देऊ नये. दिव्याची रिंग किंवा खिडकीची पातळ पट्टी चाकाने एकदा पकडली की ती हातातून ओढून घेते आणि वाकडी करून फेकते. माझ्याकडून एक दुर्मीळ रिंग अशीच गेली, आणि तशी दुसरी मिळायला दोन वर्षे लागली. त्या दिवसापासून मी पातळ पट्ट्या लाकडाच्या फळीवर बांधूनच बफला लावतो. आणखी एक सूचना: अक्षरांच्या आणि नक्षीच्या कडा बफने लवकर गोल होतात. मूळ रेषा जपायची असेल तर तिथे हातानेच घासावे, मग वेळ कितीही लागो.

जस्ताच्या ओतकामाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्या बॉनेटवरच्या चिन्हावर, आपण वर्णन केल्याप्रमाणे, बारीक फोड आले आहेत. भिंगाखाली असा एक फोड पाहा. क्रोमवर टाचणीच्या टोकाएवढे छिद्र दिसते, पण टाचणी आत घातली की ती मिलिमीटरभर खाली जाते आणि वर येताना पांढरी भुकटी घेऊन येते. पाणी त्या छिद्रातून आत शिरलेले असते आणि जस्त आतल्या आत खाल्ले गेलेले असते. वरून घासून हा खड्डा कधीच जात नाही. जितके घासाल तितके त्याचे तोंड मोठे होते आणि आसपासची नक्षी जाते. असा प्रत्येक खड्डा बारीक ड्रिलने किंवा फिरत्या कानशीने उघडावा लागतो, पांढरी भुकटी संपून चमकदार धातू लागेपर्यंत. नंतर संपूर्ण भागावर तांबे चढवावे, तांबे चढलेल्या खड्ड्यात कमी तापमानाला वितळणारा डाग (सोल्डर) भरावा, कानशीने पृष्ठभागाला समतल करावा आणि पुन्हा तांबे चढवावे. हे चक्र दोनदा-तीनदा करावे लागू शकते. डाग देताना उष्णता जपून द्यावी, कारण हा धातू ३८० अंश सेल्सियसच्या सुमारास वितळतो, आणि ज्योत थेट लागली तर कसलीही सूचना न देता भाग खाली बसतो.

अडचण अशी, की जस्त आम्लातही विरघळते आणि कॉस्टिकमध्येही. मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि गंधकाम्लाच्या नेहमीच्या टाकीत जस्ताचा भाग सरळ बुडवला, तर तांबे त्यावर मऊ, सैल भुकटीसारखे बसते आणि बोटाने पुसून निघते. म्हणून कारखान्यात जस्तावरचा तांब्याचा पहिला पातळ थर परंपरेने सायनाइडच्या टाकीत देतात. सायनाइड घरी आणण्याचा विचारही करू नये, कारण त्याच्याशी आम्लाचा संबंध आला की प्राणघातक वायू निघतो, आणि प्लेटिंगच्या खोलीत आम्ल असतेच. सायनाइडविना चालणारी अल्कधर्मी तांब्याची द्रावणे आहेत, पण जस्तावर ती सांभाळणे अनुभवी माणसालाही कठीण जाते. माझा स्वतःचा रिवाज असा आहे, की जस्ताच्या भागाचे जुने क्रोम-निकेल मी प्लेटिंगवाल्याकडूनच उतरवून घेतो, खड्डे घरी उघडतो, तांब्यासाठी भाग पुन्हा त्यांच्याकडे पाठवतो, परत आल्यावर डाग भरून घासतो आणि शेवटच्या तांबे-निकेल-क्रोमसाठी तिसऱ्यांदा पाठवतो. फेऱ्या होतात, पण कलाकुसरीचे काम आपल्या हातात राहते.

पोलाद आणि पितळ यांच्या लहान भागांसाठी मात्र घरची निकेलची टाकी उत्तम चालते. १९१६ साली ऑलिव्हर वॉट्स यांनी मांडलेले द्रावण थोड्याफार फरकाने आजही तेच आहे. लिटरला सुमारे २८० ग्रॅम निकेल सल्फेट, ५० ग्रॅम निकेल क्लोराइड आणि ४० ग्रॅम बोरिक ॲसिड, सगळे डिस्टिल्ड पाण्यात. पीएच ४च्या आसपास, तापमान ५० ते ५५ अंश. २० लिटरच्या टाकीला म्हणजे ५ किलो ६०० ग्रॅम सल्फेट, १ किलो क्लोराइड आणि ८०० ग्रॅम बोरिक ॲसिड. धनाग्र शुद्ध निकेलचे असावे आणि ते पॉलिप्रॉपिलीनच्या कापडी पिशवीत ठेवावे, नाहीतर त्याचे कण भागावर बसून खरखर येते. चकाकी आणणारी आणि पाण्याचा पृष्ठताण कमी करणारी द्रव्ये तयार मिळतात. ती सांगितलेल्या मात्रेपेक्षा थेंबभरही जास्त घालू नयेत, कारण मात्रा वाढली की निकेल काचेसारखे ठिसूळ होते. टाकी थंड झाल्यावर तळाशी पांढरे स्फटिक दिसले तर घाबरू नये. ते बोरिक ॲसिड असते आणि गरम केल्यावर पुन्हा विरघळते.

वेळेचा हिशेब असा. दर चौरस डेसिमीटरला १ अँपिअर एक तास दिला, तर सुमारे १२ मायक्रॉन निकेल बसते. ४ अँपिअरने ३० मायक्रॉनसाठी चाळीस मिनिटे पुरतात. हँडलसारख्या रोज हात लागणाऱ्या आणि पावसात भिजणाऱ्या भागावर यापेक्षा कमी देऊ नये. दहा मिनिटांत आरसा दिसू लागतो आणि तिथेच थांबण्याचा मोह होतो, पण असा भाग दुसऱ्या पावसाळ्यात तांबूस ठिपके दाखवतो. कारखान्यात बंपरवर निकेलचे दोन थर देतात, खाली गंधकविरहित अर्धचमकदार आणि वर चमकदार. वरचा थर आधी खाल्ला जातो आणि गंज आडवा पसरतो, खाली पोलादापर्यंत सरळ उतरत नाही. प्लेटिंगवाला निवडताना तो बंपरला दुहेरी निकेल देतो का, हे अवश्य विचारावे.

पोलादावर आधी निकेलचा पातळ थर, मग मोरचुदाच्या टाकीत तांबे, मग तांब्याचे बफिंग आणि पुन्हा पूर्ण निकेल, असा क्रम ठेवावा. पोलाद सरळ मोरचुदात घातले तर जस्तासारखेच सैल तांबे बसते. तांबे मऊ असते आणि बारीक ओरखडे भरून काढते, त्यामुळे त्याला बफने आरशासारखे करणे निकेलपेक्षा कितीतरी सोपे जाते.

टाकीत जाण्याआधीच्या स्वच्छतेवर सगळे अवलंबून असते. बफचे मेण आणि चरबी आधी गरम साबणी द्रावणाने, मग अल्कधर्मी क्लीनरने काढावी. त्यानंतर भाग पाण्यातून उचलून धरावा आणि अर्धा मिनिट नुसते पाहावे. पाण्याचा पातळ पडदा सगळीकडे अखंड राहिला तर भाग स्वच्छ आहे. कुठे पाणी तुटून थेंब झाले तर तिथे तेल आहे आणि तिथेच पुढे साल निघणार आहे. या परीक्षेनंतर भागाला उघडे बोट लागता कामा नये. मग पातळ गंधकाम्लात काही सेकंद बुडवावा, डिस्टिल्ड पाण्यात धुवावा आणि ओला असतानाच टाकीत सोडावा.

एकदा टाकीत गेलेला भाग पूर्ण वेळ होईपर्यंत बाहेर काढायचा नाही. सुरुवातीच्या काळात एका गाडीची हँडल्स करताना मी दर पाच-सात मिनिटांनी भाग वर काढून किती चमक आली ते पाहत होतो आणि पुन्हा बुडवत होतो. दिसायला ती सुरेख झाली होती. तीन महिन्यांनी मालकाने दाखवले, तेव्हा अंगठा टेकतो त्या जागी कांद्याच्या पापुद्र्यासारखे निकेल सुटले होते आणि त्याखाली पुन्हा तसेच चकचकीत निकेल होते. हवा लागताच निकेलवर अदृश्य, निष्क्रिय असा पडदा तयार होतो आणि त्यावर दुसरे निकेल धरत नाही. ही बाब क्रोमलाही लागू आहे: निकेलनंतर क्रोम करायचे असेल तर भाग कोरडा होऊ न देता, धुऊन, लगेच पुढच्या टाकीत गेला पाहिजे.

वीजपुरवठा स्थिर, सपाट प्रवाहाचा आणि अँपिअर नेमके ठरवता येणारा असावा. बॅटरी चार्जरचा प्रवाह फार चढउतारांचा असतो. निकेल त्यावर कसेबसे निभते, क्रोम मात्र धुरकट होते. वीज कोपऱ्यांकडे आणि कडांकडे धावते आणि खोलगट जागा उपाशी राहतात, म्हणून कडा करपून काळपट झाल्या तर प्रवाह कमी करावा किंवा कडेजवळ उघडी तांब्याची तार ऋणाग्राला (भाग ज्याला जोडतो त्या ऋण टोकाला) जोडून ठेवावी, म्हणजे जादा वीज ती घेते. बारीक छिद्रे पडत असतील तर हायड्रोजनचे बुडबुडे भागाला चिकटत आहेत. द्रावण हलते ठेवावे. खोलगट जागी काळे पट्टे आले तर द्रावणात जस्त किंवा तांबे गेले आहे. अशा वेळी नालीदार पत्रा ऋणाग्राला लावून अगदी कमी प्रवाहावर टाकी काही तास चालवावी, म्हणजे ती अशुद्धी पत्र्यावर बसून द्रावण शुद्ध होते.

स्प्रिंगा आणि कडक पोलादाचे बोल्ट यांना घरी प्लेटिंग करू नये. आम्लातून आणि टाकीतून हायड्रोजन पोलादात शिरतो आणि असा बोल्ट ताण येताच, कधी काही दिवसांनी, अचानक तुटतो. प्लेटिंगनंतर काही तासांच्या आत सुमारे २०० अंशांवर बराच वेळ तापवून हा दोष कमी करतात, पण ब्रेक, स्टिअरिंग किंवा सस्पेन्शनच्या भागाच्या बाबतीत मी हा धोका पत्करत नाही, आपणही पत्करू नये.

निकेलचे क्षारही निरुपद्रवी नाहीत. त्यांनी त्वचेला एकदा ॲलर्जी झाली की ती जन्मभर राहते, म्हणून नायट्राइलचे हातमोजे, चेहऱ्यावर पारदर्शक ढाल आणि रबरी एप्रन हे पहिल्या दिवसापासून असावे. स्वयंपाकघरातले कोणतेही भांडे या कामासाठी घेऊ नये. वापरलेले द्रावण आणि धुण्याचे पहिले पाणी गटारात किंवा जमिनीत सोडू नये. ते झाकणाच्या डब्यात साठवावे, डब्यावर नाव लिहावे आणि घातक कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावे. निकेलची टाकी नीट राखली तर वर्षानुवर्षे चालते, तेव्हा हा प्रश्न मुख्यतः धुण्याच्या पाण्याचा आणि जुने क्रोम उतरवलेल्या हिरव्या आम्लाचाच असतो.

बंपर प्लेटिंगवाल्याकडे देताना त्यांना आधीच विचारावे की आपण घासून आणलेला भाग ते स्वीकारतात का आणि कोणत्या टप्प्यापर्यंत. दुसऱ्याच्या हातचे निकेल कोणताही शहाणा प्लेटिंगवाला सहसा घेत नाही, कारण त्याची साल निघाली तर दोष त्याच्यावर येतो. उघडे, घासलेले पोलाद मात्र बहुतेक जण आनंदाने घेतात. कुठे डाग भरला आहे, कुठे वेल्डिंग केले आहे, हे चिठ्ठीवर लिहून द्यावे. प्रत्येक भागाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवावेत, आणि बंपर वाकडा असेल तर तो आधीच सरळ करून, गाडीवर बसवून, फटी जुळतात का ते पाहून मगच पाठवावा. क्रोम झालेला बंपर नंतर ठोकून सरळ करता येत नाही.

परत आलेल्या बंपरची मागची बाजू अवश्य पाहावी. तिथे निकेल पातळ बसलेले असते आणि क्रोम बहुतेक नसतेच, कारण क्रोमची वीज वळणामागे पोहोचत नाही. गंज तिथूनच सुरू होतो. ती बाजू स्वच्छ करून तिच्यावर चांगल्या प्रायमरचा आणि रंगाचा हात द्यावा, बोल्टच्या भोकांच्या कडांना मेण लावावे, आणि ब्रॅकेट व बंपर यांच्यामध्ये रबराची चकती घालूनच बोल्ट आवळावेत.